लोक काय म्हणतील? एका भीतीचे मोजमाप

वसतिगृहातील एखाद्या मुलाला चार दिवस ताप आला, तर पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. खोलीतला जोडीदार त्याला दवाखान्यात नेतो, कोणीतरी मेसमधून मऊ भात आणून देतो, घरी फोन जातो. आता दुसरा मुलगा घ्या. तीन आठवडे त्याला धड झोप लागलेली नाही. जेवण जात नाही. पुस्तक उघडले की अक्षरे दिसतात, पण डोक्यात काही शिरत नाही. सकाळी अंथरुणातून उठणे हेच त्याला डोंगराएवढे काम वाटते. या मुलाचे काय होते? बहुधा काहीच होत नाही. तो कोणाला सांगत नाही. सांगितलेच तर ‘अरे, परीक्षा जवळ आली की सगळ्यांनाच असे होते, मन घट्ट कर’ असे उत्तर मिळते. महाविद्यालयात समुपदेशन केंद्र असते, त्याची पाटी रोज दिसते, पण ती पायरी तो चढत नाही.

का चढत नाही, असे विचारले तर शंभरांतली नव्वद माणसे एकच उत्तर देतील : ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने. हे उत्तर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवे, की लोक खरोखर तसे म्हणतात का? किती लोक म्हणतात? आणि ते म्हणतात म्हणून माणूस थांबतो, की दुसऱ्याच कशाने थांबतो? मानसशास्त्रज्ञांनी हे प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणले आहेत, आणि हाती आलेले उत्तर थोडे अनपेक्षित आहे.

याच वयात का?

अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींवर आधारलेली एक मोठी पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झालेल्यांपैकी निम्म्यांना त्याची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झाली होती, तर तीन चतुर्थांश लोकांना चोविसाव्या वर्षापर्यंत. हृदयविकार, संधिवात हे बहुधा उतारवयातले सोबती. मनाचे विकार मात्र नेमके शाळा-महाविद्यालयाच्या वयात दार ठोठावतात. घर सुटते, नवे शहर येते, शिकवण्याची भाषा बदलते, गावात पहिला येणारा मुलगा वर्गात तिसाव्या क्रमांकावर जातो, तेही याच काळात.

आपल्या देशात बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. (या बारांत महाराष्ट्र नव्हता.) उदासीनता, चिंताविकार यांसारखे नेहमी आढळणारे विकार असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता, असे तीत दिसून आले. याची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातले होते. प्रत्येक मृत्यूमागे कारणे अनेक असतात, तेव्हा ‘नापास झाला म्हणून’ असे एका ओळीचे कारण देणारी बातमी सहसा अपुरी असते. पण यांतल्या किती जणांचे ऐकून घ्यायला वेळेवर कोणी भेटले असेल, हा प्रश्न उरतोच.

एका शब्दाची अडचण

‘समुपदेशन’ या शब्दाने आपले थोडे नुकसानच केले आहे, असे मला वाटते. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. घरी वडिलांचा, शाळेत गुरुजींचा आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येक काकांचा उपदेश ऐकून ज्याचे कान किटले आहेत, तो आणखी उपदेश ऐकायला आपल्या पायांनी कशाला जाईल?

प्रत्यक्षात समुपदेशकाचे काम जवळजवळ याच्या उलट असते. तो बोलतो कमी, ऐकतो जास्त. ‘हे कधीपासून होते?’, ‘त्या वेळी तुझ्या मनात काय येते?’ असे प्रश्न विचारत समोरच्याच्या मनातला गुंता त्याच्याच हाताने सुटेल असे पाहतो. तो गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर डॉक्टर असतो. या दोघांतला फरक पुष्कळ सुशिक्षित घरांतही माहीत नसतो, आणि दोघांनाही ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून एकाच खुंटीला टांगले जाते.

न दिसणारी गोष्ट कशी मोजायची?

लांबी मोजायला पट्टी आहे, ताप मोजायला तापमापी. माणसाचा एखाद्या गोष्टीकडे असलेला कल, ज्याला मानसशास्त्रात ‘अभिवृत्ती’ म्हणतात, तो कशाने मोजायचा? अभिवृत्ती मोजता येते, असे थर्स्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ठामपणे मांडले. १९३२ मध्ये लिकर्टने त्यासाठी सोपी रीत काढली. काही विधाने द्यायची, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पायऱ्या द्यायच्या, प्रत्येक पायरीला गुण ठरवायचे आणि बेरीज करायची. यात एक युक्ती असते. काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची घालतात, म्हणजे न वाचताच सगळीकडे ‘सहमत’वर खूण करणारा सापडतो!

फिशर आणि टर्नर यांनी १९७० मध्ये याच रीतीने २९ विधानांची एक मापनश्रेणी तयार केली. मानसिक अडचणीत तज्ज्ञाची मदत घेण्याकडे माणसाचा कल किती, हे तिने मोजायचे होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरांची छाननी केल्यावर त्यांना त्या एका ‘कला’त चार वेगळे धागे दिसले : आपल्याला मदतीची गरज आहे हे ओळखणे, बट्टा लागण्याची भीती सोसण्याची तयारी, परक्यापुढे मन मोकळे करण्याची तयारी आणि तज्ज्ञावरचा विश्वास. मुलींचा कल मुलांपेक्षा अधिक अनुकूल आढळला. नंतरच्या अनेक पाहण्यांतही हा फरक पुन्हा पुन्हा दिसला आहे. ‘मुलगा असून रडतोस काय?’ हे वाक्य ज्या घरांत बोलले जाते, तिथे याचे नवल वाटू नये.

या चार धाग्यांपैकी ‘बट्टा’ हा धागा आपल्या विषयाचा गाभा आहे. त्याला इंग्रजीत ‘स्टिग्मा’ म्हणतात. फुलातील कुक्षीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, त्यामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डाग. गुन्हेगारांच्या आणि गुलामांच्या अंगावर दिलेला डाग, म्हणजे पाहताक्षणी ओळख पटावी. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात हा शब्द समाजाने माणसावर मारलेल्या शिक्क्यासाठी वापरला आणि तो रूढ झाला.

‘मी’ आणि ‘बहुतेक लोक’

आता मुख्य पाहणीकडे वळू. डॅनियल आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १३ विद्यापीठांतल्या ५,५५५ विद्यार्थ्यांची उत्तरे तपासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची खुबी अशी, की त्यांनी एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. मानसिक उपचार घेतलेल्या माणसाची किंमत ‘बहुतेक लोकांच्या’ नजरेत कमी होते का, हा पहिला प्रकार. त्याच विधानात ‘बहुतेक लोक’ काढून ‘मी’ घातला, हा दुसरा.

दोन्हींच्या सरासरीत बराच फरक पडला. ‘बहुतेक लोक अशा माणसाला कमी लेखतात’ असे मानण्याकडे विद्यार्थ्यांचा कल होता. ‘मी कमी लेखीन’ हे विधान मात्र त्यांना तितकेसे मान्य नव्हते. आता गंमत पाहा. हे ‘बहुतेक लोक’ म्हणजे कोण? हेच विद्यार्थी आणि यांच्यासारखेच इतर! प्रत्येक जण म्हणतो, ‘माझे काही नाही, पण बाकीचे नावे ठेवतील.’ सगळेच असे म्हणत असतील, तर नावे ठेवणारे गेले कोठे?

असा सामुदायिक गैरसमज तुम्ही रोज वर्गात पाहता. बाईंनी अवघड सिद्धांत शिकवला आणि विचारले, ‘कोणाला काही शंका?’ कोणाचाच हात वर होत नाही. प्रत्येकाला वाटते, आपल्यालाच समजले नाही, बाकीच्यांना समजलेले दिसते. कारण त्यांचेही हात खालीच आहेत. कॅट्झ आणि ऑलपोर्ट यांनी १९३१ मध्येच या घटनेकडे लक्ष वेधले होते. गप्प बसलेली माणसे एकमेकांच्या गप्प बसण्याचा चुकीचा अर्थ लावतात, आणि जे मत फारसे कोणाचे नसते तेच सर्वांचे मत म्हणून राज्य करते.

घाईने निष्कर्ष काढण्याआधी एक शंका घेतलीच पाहिजे. प्रश्नावलीत आपण चांगले दिसावे असे कोणाला वाटत नाही? ‘मी कमी लेखीन’ असे मनात असूनही काहींनी कागदावर मान्य केले नसेल. म्हणजे दोन सरासऱ्यांतील सगळाच फरक गैरसमजाचा नसावा, काही भाग सभ्यतेचाही असेल.

त्या पाहणीतला दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या स्वतःच्या मनात असा आकस जास्त होता, ते विद्यार्थी मदत घेण्यात मागे होते. ‘लोक कमी लेखतात’ या समजुतीचा मात्र मदत घेण्याशी लक्षणीय संबंध आढळला नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही, हे खरे. तरी यातून सुचते ते विचार करण्यासारखे आहे. दार अडवून बसलेला माणूस बाहेरचा नसून आतला असावा. आपण दुसऱ्याला लावतो तेच माप आपली पाळी आली की स्वतःलाही लावतो.

हा आकस सर्वांत सारखा नव्हता. मुलांत तो मुलींपेक्षा जास्त होता. वयाने लहान असलेल्यांत, आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांत आणि परदेशातून तिथे शिकायला आलेल्यांतही तो जास्त आढळला. इथे आपण पुण्या-मुंबईकडे, सोलापूर-लातूरकडे वळायला हवे. कारण अमेरिकेतले आकडे उचलून आपल्याला चिकटवता येणार नाहीत.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे बट्टा एकट्याला लागत नाही, घराला लागतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरातल्या दुखण्याबाबत जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी पैशाबाबतही पाळली जात नसेल. मुलगी समुपदेशकाकडे जाते हे कळले तर तिला स्थळ मिळणार नाही, एवढेच नव्हे तर धाकट्या बहिणीचेही अडेल, असा हिशेब होतो. म्हणजे आपल्या मुलामुलींपुढे ‘मी’ आणि ‘लोक’ यांच्या मधोमध ‘घरचे’ हा तिसरा पक्ष उभा असतो. माझ्या मते आपल्याकडच्या कोणत्याही मापनश्रेणीत त्यासाठी स्वतंत्र विधाने हवीत.

भाषाही हेच सांगते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची चार जुनी मनोरुग्णालये आहेत. ठाण्याचे १९०१ सालचे. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचा पाहुणा’ अशा थट्टा आपण सहज करतो. वर्गात ही थट्टा झाली आणि सगळे हसले, की कोपऱ्यातला एक जण मनाशी काय ठरवतो याची हसणाऱ्यांना कल्पना नसते. कायद्याची भाषाही फार काळ याच वळणाची होती. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता. पुढे १९८७ चा कायदा आला, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याने उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क दिला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे असे सांगितले. असा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम मात्र १ जुलै २०२४ रोजी नवी न्यायसंहिता लागू होईपर्यंत पुस्तकात होते. पोलिसांचे नाव निघेल या धास्तीने कित्येक घरांची तोंडे बंद राहिली असतील.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मनाचे दुखणे सांगायला लाज वाटते, शरीराचे सांगायला वाटत नाही. मग मन शरीराच्या भाषेत बोलते. ऑर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील हूनान प्रांतात ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ असे निदान झालेले शंभर रुग्ण तपासले आणि १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ८७ जणांत तीव्र उदासीनतेची लक्षणे होती. हे रुग्ण आले होते ते डोकेदुखी, अशक्तपणा, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन. ती लबाडी नव्हती, डोके खरोखरच दुखत होते. आपल्याकडे ‘छातीत धडधडते’, ‘पित्त झाले’, ‘अंगात त्राण नाही’ म्हणून तीन डॉक्टर पालथे घालणारा विद्यार्थी यातला असू शकतो. मात्र शरीराची तपासणी आधी व्हावी. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांनीही असाच थकवा येतो.

सगळा दोष भीतीच्या माथी मारणेही बरोबर नाही. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. समुपदेशन केंद्र प्राचार्यांच्या खोलीला लागून असेल, किंवा समुपदेशक म्हणून बसलेले प्राध्यापकच तोंडी परीक्षा घेणार असतील, तर तिथे न जाणाऱ्या विद्यार्थ्याला भित्रा म्हणता येणार नाही. तो व्यवहारी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. नेमणुकीइतकाच खोलीचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. आणि पहिल्याच भेटीत ‘मी सांगेन ते कोणाकोणाला कळेल?’ असे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण हक्क आहे. चांगला समुपदेशक याचे सरळ उत्तर देतो : जिवाला धोका दिसला तर जवळच्यांना सांगावे लागेल, एरवी नाही.

हा आकस कमी होतो का?

होतो. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतील ७२ अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये निष्कर्ष काढला, की प्रौढांच्या बाबतीत मानसिक विकारातून गेलेल्या माणसाची प्रत्यक्ष भेट सर्वांत गुणकारी ठरते. कुमारवयीन मुलांत मात्र माहितीचा, म्हणजे शिक्षणाचा, परिणाम भेटीहून अधिक दिसला. शिक्षकांच्या दृष्टीने ही मोठी बातमी आहे. पण कोणती माहिती, हेही पाहावे लागते. ‘हा मेंदूतील रसायनांचा बिघाड आहे’ एवढेच सांगून भागत नाही. अमेरिकेत १९९६ ते २००६ या दहा वर्षांत अशी जीवशास्त्रीय कारणे मानणारे लोक वाढले, परंतु रुग्णांना दूर ठेवण्याची वृत्ती घटली नाही.

बहुतेक मुले पहिल्यांदा सांगतात ती मित्राला किंवा मैत्रिणीला, समुपदेशकाला नव्हे. त्यामुळे मित्राच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याला फार वजन आहे. ‘सोड रे’ म्हणण्याऐवजी ‘कधीपासून वाटते असे?’ म्हणावे आणि मग गप्प राहून ऐकावे. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा प्रश्न विचारल्याने त्रास वाढल्याचे आढळले नाही. उत्तर ‘हो’ आले तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. त्याला एकटे न सोडता विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून रात्रीअपरात्रीही मराठीतून बोलता येते.

वर्गात करून पाहा

आयझेनबर्ग यांची युक्ती तुमच्या वर्गातही वापरता येईल. प्रत्येकाला सारख्या आकाराची एक चिठ्ठी द्या. तिच्यावर दोन विधाने असावीत. (अ) ‘आपल्या वर्गातील कोणी समुपदेशकाकडे जाते असे कळले, तर माझ्या नजरेत त्याची किंमत कमी होईल.’ (आ) ‘असे कळले, तर वर्गातील बहुतेकांच्या नजरेत त्याची किंमत कमी होईल.’ प्रत्येक विधानापुढे ० (मुळीच मान्य नाही) ते ५ (पूर्ण मान्य) यांपैकी एक अंक लिहायचा. आधी वाचलेल्या विधानाचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये म्हणून निम्म्या चिठ्ठ्यांवर (आ) आधी छापा. नंतर दोन्ही विधानांची सरासरी वेगवेगळी काढा. समजा (अ) ची १.५ आणि (आ) ची ३.१ आली, तर १.६ हा फरक म्हणजे तुमच्या वर्गाने एकमेकांविषयी केलेला गैरसमज, अधिक थोडी सभ्यता. मुलांची आणि मुलींची सरासरी स्वतंत्र काढली तर आणखी काही हाती लागेल; मात्र एका गटात दहापेक्षा कमी जण असतील तर ती काढू नका.

‘तू कधी समुपदेशकाकडे गेला आहेस का?’ हा प्रश्न चिठ्ठीवर घालायचा नाही. नाव, हजेरी क्रमांक लिहायचा नाही. अंक सर्वांनी एकाच रंगाच्या पेनाने लिहावेत, आणि फळ्यावर सरासरी मांडून झाली की शिक्षकांनी चिठ्ठ्या वर्गासमोरच फाडून टाकाव्यात. चाळीस मुलांच्या वर्गात एका अंकावरूनही हस्ताक्षर ओळखणारा कोणीतरी असतोच.